दोन उपाशी गोधड्या

१

बारा गोधड्या होत्या. त्यातल्या दहांचा एकेक कोपरा उघडा पडला होता, आतल्या चिंध्या जिभेसारख्या बाहेर लोंबत होत्या. दोन शाबूत होत्या. त्या दोन माझ्या.

एवढ्या पुराव्यावर डाळजमधल्या आमच्या गल्लीनं दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी निकाल देऊन टाकला.

आरडाओरडा ऐकून मी तापानं फणफणलेली पोरगी खांद्यावर टाकून सोनमवहिनीच्या घरी पोचलो, तेव्हा सगळे जमलेच होते. सोनमवहिनी भिंतीला टेकून उभी होती, तोंडाला पदर लावून. म्हातारी बनामावशी खाली बसून एकेक गोधडी उलटीपालटी करत होती. सोनमवहिनीचे सासरे, आप्पा, चौकटीला दोन्ही हात लावून उभे होते. घरात नुकसान झालेल्या माणसाचं तोंड असं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं.

"या," आप्पा म्हणाले. "घरकोंबडा आला. कातर आणलीस का घरीच ठिवलीस?"

मी केशव. मी घरी असतो. हे वाक्य बाईनं म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही. बाप्यानं म्हटलं की लोक त्याच्यात दारू शोधतात, जुगार शोधतात, काहीच सापडलं नाही तर आजार शोधतात. बारामतीच्या एमआयडीसीत मी कंत्राटी होतो, कंत्राट संपलं. बायको अश्लेषा इंदापूर डेपोत एसटी कंडक्टर, तिची नोकरी पक्की. पोरगी संस्कृती तेव्हा सहा महिन्यांची. कुणीतरी घरी थांबायचं होतं, ज्याची नोकरी गेली तो थांबला. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला चार वर्षांत कळलेलं नाही. मोबाईलवर बघून शिवण शिकलो, साड्यांना फॉल-पिको करायला लागलो.

मग सोनमवहिनीनं तान्ह्या लेकरांच्या गोधड्यांचं काम काढलं. माल बारामतीचा एक दुकानदार उचलणार, शिवायच्या आपापल्या घरी, लेकरू पाळण्यात आणि सुई हातात. पाच बाया झाल्या. सहावा मी विचारायला गेलो, तर बनामावशीनं नाक मुरडलं. सोनमवहिनी म्हणाली, "ज्याच्या घरात लेकरू हाय आन् हाताला टाका हाय, त्यो चालतोय." मला कामात घेणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

"उद्या धाला टेम्पो यायचाय," सोनमवहिनी पदराआडून म्हणाली. "बाराच्या बारा पास झाल्या तर वर्षभर काम. न्हायतर कायच न्हाय."

"कायच न्हाय, तेच बरं," आप्पा म्हणाले. "माझी ओसरी चिंध्यांनी भरली. आता ऐका. ज्यानं हे केलं त्यो कबूल हुईस्तवर ह्या खोलीला कुलूप. केशवनं कबूल व्हावं, कामातनं निघावं, मग तुमी शिवत बसा. न्हायतर उद्या टेम्पो मोकळा जाईल आन् हे खूळ माझ्या घरातनं कायमचं जाईल."

म्हणजे मी न केलेलं कबूल करायचं, नाहीतर पाच बायांचं काम माझ्यामुळं बुडायचं. सोनमवहिनीकडं बघितलं. तिनं खाली बघितलं.

आप्पा कुलूप आणायला आत गेले. मी पोरीला बनामावशीशेजारी बसवलं आणि वरची गोधडी उचलली. अर्धं मिनिट मिळालं असेल. तेवढं पुरलं.

सगळे म्हणत होते गोधड्या कापल्या. कापड कुठंच कापलेलं नव्हतं.

२

शिवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जळफळाट झालेला माणूस कातर घेतो आणि मधोमध चालवतो. इथं कुणीतरी कडेचा टाका न टाका उचलून फक्त दोरा कापला होता. उसवलेली कड परत आत दुमडून वर नखानं घडी मारून ठेवलेली. आतल्या चिंधीवर हळदीचा पिवळा डाग. आणि कोपरा कुठलाही नव्हता. गोधडी शिवताना शेवटी जिथं कड बंद करतात, नेमका तोच.

पोरीला औषध पाजून निजवलं आणि बनामावशीच्या दारात गेलो. तिनं बस म्हटलं नाही. मी बसलो.

"मावशी, दुपारी बारा वाजता गोधड्या तुमीच बघून ठिवल्या ना?"

"बघितल्या. दाबून दाबून बघितल्या. दहा भरलेल्या हुत्या. तुझ्या दोन उपाशी."

"उपाशी?"

म्हातारी माझ्याकडं असं बघत राहिली, जसं मी विचारलं होतं की भाकरी कशाची करतात.

"आरं, गोधडी बंद करायच्या आधी तिला घास घालायचा असतोय. भाकरीचा तुकडा, वर हळदकुकू. कोपऱ्यात ठिवायचा आन् कड शिवून टाकायची. गोधडीचं पोट भरल्यालं असलं तर तिच्याखाली निजणारं लेकरू उपाशी राहत न्हाय. तुझ्या मोबाईलनं हे न्हाय शिकवलं?"

"न्हाय शिकवलं."

"मग काय शिकवलं?"

हसू आलं, पण गिळलं. आता मला कळलं की दहा गोधड्यांतून काय गेलंय. गल्ली म्हणत होती, चोरी काहीच झाली नाही, नुसती नासधूस. चोरी झाली होती. दहा घास गेले होते. माझ्या गोधड्या शाबूत राहिल्या, कारण त्यांच्या पोटात काढण्यासारखं काही नव्हतंच. वाळलेली भाकरी हाताला कडक लागते. ज्यानं उसवलं त्यानं कोपरे चाचपले, मऊ लागले ते सोडून दिले.

"म्हंजी मावशी, मी निर्दोष झालो की! ज्यानं केलं त्याला घास पायजे हुता..."

"व्हय," बनामावशी म्हणाली. "आन् घासाचा राग कुणाला? ज्याच्या गोधड्या उपाशी त्यालाच. गेल्या आठवड्यात तुझी गोधडी चाचपून मी चारचौघीत तुला हसले. तवा तू हसला न्हाईस. आमच्या भरल्या गोधड्या तुझ्यासारख्या उपाशी केल्यास, दुसरं काय?"

मी सुटायला गेलो होतो. उठलो तेव्हा माझ्यावर आधीपेक्षा पक्का आळ होता.

३

आप्पा गोठ्यात होते. त्यांची खिल्लार गाय मला बघून शिंगं हलवायला लागली.

"लांब उभा ऱ्हा," आप्पा म्हणाले. "मी आन् सून सोडून कुणाला जवळ येऊ देत न्हाय ती. परवा डाक्टरला उडवलं."

"आप्पा, दुपारी तुमी कुठं हुता?"

"फौजदार झालास व्हय रं? हितंच. बाजंवर. जेवलो, झोपलो. बोंब ऐकून उठलो."

"तुमास्नी हे काम नकोच हुतं."

"नकोच हाय. उघड बोलतो, लपून न्हाय. सून घरात बसून पैसा मिळवती आन् सासऱ्याला सांगती, आप्पा, पाय उचला, चिंध्या दाबल्या. माझ्या ओसरीवर मी पाय उचलू? आन् तू! बाप्यानं सुई धरली की बायांनी डोक्यावर बसायचं ठरवलंच म्हणायचं."

"सुई माझ्या हातात हाय आप्पा. तुमास्नी का टोचतीया?"

आप्पांनी घमेलं आपटलं. गाय दचकली. "टोचतंय ते हे की घर माझं आन् वेळ तुमचा! आज गायीला येळेवर पाणी न्हाय. गव्हाणीत बघ, शिळं काय तरी टाकलंय, पिवळं-तांबडं. कडब्यात कुणी अन्न कालवतं का? पर बाईसाहेबास्नी सवड कुठाय."

मी लांबूनच वाकून बघितलं. गव्हाणीच्या दगडाला पिवळट भुगा चिकटला होता. गायीनं उरलेलं चाटून साफ केलं होतं.

सोनमवहिनी मागच्या दारात भांडी घासत होती. मी विचारलं, तिनं मान न उचलता सांगितलं. बारापासून ती त्याच खोलीच्या उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. मध्ये दीडला अंगणवाडीतून पोराला आणायला गेली, वीस मिनिटांत आली. नंतर तीनपर्यंत परत तिथंच. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. तीनला बनामावशी आली, दोघी आत गेल्या, आणि हे दिसलं.

"म्हंजी जे झालं ते त्या वीस मिनिटांत."

"तसंच म्हणायचं."

"त्या वीस मिनिटांत मी घरात हुतो. पोरीला ताप हुता."

"मी तुमचं नाव घेतलं का भावजी?" ती म्हणाली आणि तवा इतक्या जोरात घासायला लागली की पुढचं बोलणं ऐकू आलं नसतं.

४

बारामतीच्या दुकानदाराचा सगळा व्यवहार त्याचा मुलगा बघतो. ऋषिराज. तिशीतला, बोलायला गोड. त्याला फोन लावला.

"गोधड्यांची नासधूस झाली," मी एवढंच म्हणालो.

 मग तो म्हणाला, "कोपऱ्यात काही निघालं का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. कोपऱ्याचं मी बोललोच नव्हतो.

"कोपऱ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अं? नाही, मी आपलं सहज... बघा, मी उद्या टेम्पोबरोबर स्वतः येतोय. एकेक पीस तपासणार आहे. आज तिकडंच होतो, भिगवणला, दीड-दोनच्या सुमारास. माहीत असतं तर डोकावलो असतो."

"दीड-दोनला?"

"हो. का?"

त्यानंच आधी ठेवला फोन.

भिगवण म्हणजे आमच्यापासून गाडीवर चार घास खाईपर्यंतचं अंतर. माणूस दीडला तिथं, कोपऱ्याची गोष्ट त्याला न सांगता ठाऊक, आणि माल नासला तर भाव पाडायला मोकळा. मला वाटलं, सापडला.

५

अश्लेषा सातला ड्यूटीवरून आली. तिकिटाचं मशीन डेपोत जमा करून आली तरी डोक्यातलं वेळापत्रक ती जमा करत नाही. मी सगळं सांगितलं. तिनं संस्कृतीच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप उतरला होता, मग जेवायला बसली.

"ऋषिराजच," मी म्हणालो. "उद्या चारचौघांत त्याची गचांडी धरतो."

"धरा. पर मला एक सांगा. इंदापूर-भिगवण एसटीला किती येळ लागतो हे मला झोपंत इचारलं तरी सांगेन. एक कोपरा उसवायला किती येळ लागतो?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"कापला तर एक मिनिट," ती म्हणाली. "पर तुमी म्हणताय कापला न्हाय."

मी घरातली जुनी गोधडी घेतली, ब्लेड घेतलं, मोबाईलवर घड्याळ लावलं. कड चार बोटं उसवायची, कापडाला इजा करायची नाही, चिंध्या बाजूला सारून आतपर्यंत बोट घालायचं, कड परत आत दुमडायची. पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली. दुसऱ्यांदा आठ. हात बसलेला असूनही आठच्या खाली येईना.

दहा कोपरे. ऐंशी मिनिटं.

वीस मिनिटांत ते कुणाच्या बापाला जमलं नसतं. ऋषिराजला नाही, बनामावशीला नाही, मला नाही. बाहेरून आलेला कुणीही असो, तो सुटला. गावातल्या एकाही माणसाच्या डोक्यात हे का आलं नाही, ते मला तेव्हा कळलं. बाई घरात बसून जे करते त्याला वेळ लागतो, हेच कुणी धरत नाही. चुटकीसरशी होतं म्हणतात. मग उसवणंही चुटकीसरशी झालं असणार!

"आता सांगा," अश्लेषा ताटात पाणी ओतत म्हणाली, "त्या खोलीत कुणाचं ध्यान न जाता दीड तास कोण बसू शकतंय?"

उत्तर एकच होतं. मला ते नको होतं.

६

सकाळी साडेआठला मी आप्पांच्या ओसरीवर जाऊन बसलो. संस्कृती मांडीवर. बनामावशी आणि बाकीच्या तिघी आल्या. सोनमवहिनी दारात.

"कबूल करायला आला," आप्पा म्हणाले.

"कबूल करून घ्यायला आलो. आधी एक काम करा." मी माझी जुनी गोधडी आणि ब्लेड त्यांच्यापुढं ठेवलं. "हा कोपरा उसवा. कापड कापायचं न्हाय."

"त्यात काय! पोरीबाळींचं काम."

"मग करा की."

चार बाया बघत होत्या, माघार घेता येईना. आप्पांनी चष्मा लावला. पाच मिनिटांनी चष्मा काढून पुसला. दहाव्या मिनिटाला बोट कापलं. बनामावशी म्हणाली, "आप्पा, पोरीबाळींस्नी बोलवू का?" एकजण खोकल्याच्या मिषानं हसली. पंधराव्या मिनिटाला आप्पांनी कापडच टराटरा फाडलं आणि गोधडी भिरकावली.

"एक कोपरा," मी म्हणालो. "पंधरा मिनिटं, आन् तरी झाला न्हाय. आत दहा हायत, एकाबी कापडाला इजा न्हाय. माझ्यासारख्या हात बसलेल्याला ऐंशी मिनिटं लागली असती. बाहेरच्याला मिळाली हुती वीस."

बनामावशीनं मान वर केली. तिला हिशोब लगेच कळला. शिवणाऱ्या बाईला कळतोच.

"म्हंजी बाहेरचं कुणी न्हाय," ती सावकाश म्हणाली.

"न्हाय. आन् आप्पा बी न्हाईत, ते तुमी आत्ता बघितलं. ज्यानं उसवलं त्यानं कड दुमडून घडी मारून ठिवली. नासवणारा घडी मारत न्हाय. परत शिवणारा मारतो. त्याला फक्त घास काढायचे हुते आन् टेम्पो यायच्या आधी कोपरे बंद करायचे हुते. तेवढ्यात कुणीतरी आलं. मग घास कुठं गेले? हळदकुकू लावलेला घास आपल्यात उकिरड्यावर टाकवत न्हाय. कुणी टाकलाबी न्हाय. गायीला घातला. आप्पांच्या गव्हाणीत काल पिवळा-तांबडा भुगा हुता, आन् ती गाय दोनच माणसांस्नी जवळ येऊ देती."

 मी सोनमवहिनीकडं बघितलं नाही, गोधडीकडं बघून बोललो.

"वहिनी, उंबऱ्यात बसून तुमी गहू निवडत नव्हता."

ती खाली बसली. पडली नाही, बसली, नीट मांडी घालून, जसं कामाला बसतात.

"परवा ऋषिराजचा फोन आला," ती म्हणाली. "नमुन्याच्या दोन गोधड्या दिल्या हुत्या. गिऱ्हाइकानं धुतल्या, आतली भाकरी भिजली, बुरशी आली. दुसरीला मुंग्या लागल्या, लेकराच्या अंगावर चढल्या. म्हणाला, कोपऱ्यात पुन्हा काय निघालं तर सगळं काम बंद. मीच त्यास्नी म्हणले, गावात कुणाला सांगू नका, मी बघते. मी काय करू?"

"मला सांगायचं!" बनामावशी कडाडली.

"सांगितलं की. गेल्या महिन्यात म्हणले, मावशी, घास नको घालूया. तुमी चपला घालून निघालात. ह्या तिघी तुमच्या मागनं निघाल्या. पाया पडून परत आणलं मी. पुन्हा सांगितलं असतं तर परत आला असता?"

सोनमवहिनी थांबली नाही. 

"म्हणलं गुपचूप काढते, शिवून टाकते, कुणाला कळायचं न्हाय. मावशी दिवेलागणीला येणार हुत्या, तीनलाच आल्या. तोंडातनं निघून गेलं, कुणी केलं गं हे! मग मावशी म्हणल्या, केशवच्या दोन शाबूत हायत..." ती माझ्याकडं वळली. "मी नाव घेतलं न्हाय भावजी."

"घेतलं न्हाय," मी म्हणालो. "घेतलेलं खोडलंबी न्हाय."

७

आप्पा उठले. त्यांच्या तोंडावर कालची खुशी परत आली होती. "म्हंजी घरातच निघालं. ठरलं तर. काम बंद."

"तुमचा शब्द काय हुता आप्पा? कबूल हुईस्तवर कुलूप. कबूल झालं. किल्ली."

"माझं घर हाय!"

"घर तुमचं, शब्दबी तुमचाच," बनामावशी म्हणाली आणि हात पुढं केला. तो हात तसाच राहिला, हवेत, एकही बोट न हलता. आप्पांनी खिशातून किल्ली काढून त्यावर आपटली आणि गोठ्याकडं गेले.

दार उघडलं. म्हातारी आत जाऊन दहा उघड्या कोपऱ्यांपुढं उभी राहिली. मग म्हणाली, "मुंग्या लेकराच्या अंगावर चढल्या?"

"चढल्या."

"मग ह्यो घास न्हाय, घात झाला." तिनं स्वयंपाकघरातून भाकरी आणली, मोडली, एकेकीच्या हातावर ठेवली, माझ्याही. "आजपासनं घास गोधडीपुढं ठिवायचा, हळदकुकू लावायच्या आधी उचलून शिवणाऱ्यानं खायचा. पोट भरलेल्या हातानं कड बंद करायची. आमच्या आयांनी ठरवलं हुतं, आता मी ठरवते. मी काय कमी म्हातारी हाय का?"

सगळ्या खायला लागल्या. मी तुकडा हातात धरून उभा राहिलो. बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. नऊ वाजले होते. तो तासभर आधी आला होता.

ऋषिराज ओसरीवर चढला, उघडे कोपरे बघितले, बोट घालून चाचपले. "घास काढलेत, ते उत्तम. पण माल उघडाच? ताई, घरातल्या कामाचं हे असं असतं. त्यापेक्षा बारामतीला शेडमध्ये या, नऊ ते सहा बसा, शिस्तीत होईल."

"आन् लेकरं?" सोनमवहिनी म्हणाली.

"तो तुमचा प्रश्न."

"मग शेड तुमची अडचण," ती म्हणाली. "आमी घरात बसून ऱ्हात न्हाय, घरात काम करतो. माल अर्ध्या तासात मिळेल. पायजे तर थांबा."

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी रागही आला, दोन्ही एकदम. बाकीच्या सुयांत दोरे ओवायला लागल्या. पाच जणी, दहा कोपरे, पंधरा मिनिटांना एक, म्हणजे अर्धा तास जेमतेम. एक सुई जरी अडली तरी मी बसल्याशिवाय वेळेत होणार नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही.

"वहिनी," मी म्हणालो. "काल तीनला सगळ्या गल्लीनं ऐकलं की गोधड्या मी नासवल्या. आज तुमी जे सांगितलं ते ओसरीवर सांगितलं. गल्लीत जाऊन सांगा. मग मी सुई धरीन."

"भावजी, टेम्पो उभा हाय."

"मीबी उभाच हाय."

ती उठली. पदर डोक्यावरून घेतला, मग का कोण जाणे, परत खाली सोडला. रस्त्यावर गेली. पारावर आठ-दहा बाप्ये नेहमीसारखे बसले होते. सकाळी नऊला पारावर बसणाऱ्याला घरकोंबडा म्हणत नाहीत, हेही मी चार वर्षं बघतोय.

"ऐका," ती ओरडली. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. "गोधड्या मी उसवल्या. केशवभावजींनी न्हाय. त्यांच्यावर आळ आला तवा मी गप बसले. चूक माझी हाय."

पारावरून कुणीतरी म्हणालं, "बायांच्या भानगडीत बाप्या गेला की असंच!"

"भानगड न्हाय, काम हाय," ती म्हणाली. "तुमास्नी वळखू यायचं न्हाय, सवय न्हाय तुमास्नी."

पार हसला, पण त्या माणसालाच हसला.

ती आत आली, माझ्याकडं न बघता बसली, एक गोधडी ओढून घेतली. मी तिला माफ केलं नव्हतं. अजूनही पुरतं केलेलं नाही, आणि हे तिला ठाऊक आहे. तुकडा तोंडात टाकला, पोरीला पायरीवर बसवलं आणि सुईत दोरा ओवला. काम माझंही होतं.

ओसरीवर नुसता दोरा कापडातून ओढल्याचा आवाज. ऋषिराजनं दोनदा घड्याळ बघितलं, एकदा मोबाईल बघितला, कुणी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी चप्पल काढून तो पायरीवर टेकला, गालाला हात लावून.

शेजारी बसलेली संस्कृती त्याच्याकडं बराच वेळ बघत होती. मग तिनं हळूच विचारलं,

"काका, तुमाला पण काम न्हाय का?"